आजोबांच्या वहीतली साहेबाची बोली

माझ्या एकुलत्या एका संशोधनाची सुरुवात दुसऱ्याच्या पुस्तकाचा लाल पुठ्ठा बघून झाली. फोर्टातल्या एका विलायती कंपनीत मी खर्डेघाशी करत होतो. तिथले आमचे हेडक्लार्क दादरला राहत. एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर धप्पकन एक ग्रंथ आणून ठेवला. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत. लाल कापडी पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि आत घडी घातलेला वंशवृक्ष. घडी उलगडली की तो टेबलावरून खाली लोंबायचा. तेरा पिढ्या होत्या त्यात. कोण कुठल्या दरबारात कारकुनीला होता, कोण काशीला जाऊन आला, कोणाचा आवाज गोड होता, सगळं छापलेलं. हेडक्लार्क बोट फिरवत एकेक फांदी दाखवत होते आणि मी "वा, वा" म्हणत होतो. मनात मात्र आमच्या घरच्या फांद्या मोजत होतो.

"तुमच्यात असतं का हो असं काही?" त्यांनी विचारलं.

त्यात खवचटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. तसा तो नव्हता. खरोखरच माहिती हवी म्हणून विचारलं होतं त्यांनी. मी म्हणालो, "आहे ना, काम चालू आहे." हे काम कुठे चालू आहे ते मलाही त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.

आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. खोली एक, माणसं चार. वडील, म्हणजे आबा, आयुष्यभर गिरणीत साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवून नुकतेच घरी बसलेले. थोरला भाऊ, दादा, त्याच गिरणीत, त्याच साचेखात्यात. वहिनी. आणि मॅट्रिक होऊन पांढऱ्या शर्टात फोर्टला जाणारा मी. घरातला पहिला इंग्रजी शिकलेला माणूस. चाळीत कोणाला इंग्रजी कागद आला की माझ्याकडे धाडत, आणि मी तो आधी दोनदा मनात वाचून मग मोठ्याने वाचत असे, म्हणजे अडखळणं दिसायचं नाही.

साच्यांच्या आवाजाने आबांचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं ओळखत. माझ्याशी मात्र त्यांचं जमत नसे. "तुझे ओठ हलतत खंय?" असं ते म्हणत. ऑफिसात साहेबासमोर पुटपुटायची सवय लागली होती मला. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मी ओरडत असे, आणि चार खोल्या पलीकडच्यांना आमच्या घरातलं सगळं कळे.

त्या संध्याकाळी मी ओरडून विचारलं, "आबा, आपल्या घराण्याच्या पिढ्या किती?"

"कसली पिढी? माझो बापूस इलो, साच्यार लागलो. मगे मी. मगे तुझो दादा. झाला."

"त्याच्याआधी?"

"त्येच्या आदी भात होता."

म्हणजे वंशवृक्षाला एकच बुंधा, तोही कापूस खाणारा. पिढ्या लिहायला घेतलेली माझी वही मी मिटणार तेवढ्यात आबा उठले, ट्रंक उघडली आणि तळातून फडक्यात बांधलेली एक जाड वही काढली. आजोबांची. मला तिचा पत्ताच नव्हता.

आजोबा ज्या साचेखात्यात होते तिथला साहेब लँकेशायरहून आलेला होता. तिकडेही गिरण्या, इकडेही गिरण्या. साहेबाला मराठी येत नव्हतं आणि आजोबांना इंग्रजी. पण आजोबांना बालबोध लिहिता येत होतं. साहेबाच्या तोंडून जो शब्द पुन्हा पुन्हा येई तो त्यांनी कानाला आला तसा टिपून ठेवला होता, आणि शेजारी अर्थ न लिहिता साहेब तो शब्द कधी म्हणतो ते लिहिलं होतं. तेही मालवणीत.

*क्लेम. दुपारी. पोटाक हात लावन.*

*फेटल. साचो बंद पडलो की. तेलाचो डबो घेवन जावचा.*

*नॉबट. एक बोट वर करून. तितक्याच, जास्त नाय.*

*ग्रेडली. कापड हातात घेवन. ह्या म्हटल्यान तर त्या दिवशी शिव्यो नाय.*

*मिदर. डोळे मिटून, कपाळ दाबून. तेव्हा समोर रवाचा नाय.*

*जॅनक. एकदाच म्हटल्यान. माझ्या खांद्यार हात ठेवन.*

असे बेचाळीस शब्द. मी हरखून गेलो. हेडक्लार्कांच्या तेरा पिढ्यांत कोणी इंग्रजी शब्दकोश केला नव्हता. मनातल्या मनात मी प्रस्तावना लिहायला घेतली.

"आबा, ही वही मला द्या."

आबांनी वही परत फडक्यात बांधली. "ती तुझ्या दादाक देतलंय. दिवाळी झाली की मी गावाक जातलंय. जाताना देतलंय."

"दादाला? तो चौथी पास आहे. आणि वही इंग्रजीची आहे."

"तो साच्यार आसा," आबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

इथे मला एक कबुली द्यावी लागेल. दादाबद्दलची माझी जळजळ या वहीने सुरू झाली नव्हती. आबा आणि दादा यांची एक मुकी बोली होती. साचेखात्यात आवाज असा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथले लोक आवाज न काढता ओठ मोठे मोठे हलवून बोलतात, जोडीला बोटं, भुवया, खांदे. दहा साचे पलीकडच्याला जेवणात काय आहे ते विचारतात आणि उत्तर येतं. हे दोघं तीच बोली घरात वापरत. आबा पलंगावर, दादा दाराशी, मध्ये मी भाताचं ताट घेऊन, आणि माझ्या डोक्यावरून गप्पा चालू. मध्येच दोघं हसत. मी मान वळवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघे. आबांनी मला गिरणीत पाठवलं नाही, शाळेत पाठवलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी असायला हवं होतं. त्याऐवजी मी तिथे बसून ठरवत असे की ते माझ्याबद्दलच बोलतायत.

वहिनीलाही ती बोली येत नव्हती. मी तिला एकदा विचारलं, "तुला राग नाही येत?"

"माका बरा वाटता, भावजी," ती म्हणाली. "माझ्याबद्दल काय बोलतत ता कळना नाय."

तर वही. मी हट्टाला पेटलो. आबांना ओरडून सांगितलं की दिवाळीपर्यंत द्या, मी सगळ्या शब्दांचे अर्थ काढून दाखवतो. नाही काढले तर खुशाल दादाला द्या. आबा दादाकडे बघून ओठांनी काहीतरी बोलले. दादाने खांदे उडवले. "घेऊन जा रे," तो म्हणाला. "बाहेर लोक आपल्या भाषेसाठी लाठ्या खातायत आणि हा साहेबाची भाषा शोधतोय."

दादा त्या काळात मुंबईसह महाराष्ट्राच्या मोर्च्यांना असे. पाळी सुटली की सभा, सभा सुटली की मिरवणूक. मी जात नसे. कोणी बघितलं तर नोकरीचं काय, हे एक कारण. दुसरं असं की शर्ट मळतो.

माझ्या खिशातल्या शब्दकोशात बेचाळीसपैकी तीनच शब्द सापडले. तेव्हा मी हिंमत करून आमच्या ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाला गाठलं. तो लंडनचा. मी चार शब्द वाचून दाखवले. तो इतका हसला की त्याची मान लाल झाली. म्हणाला, हे इंग्रजी नव्हे, असं गिरण्यांतले लोक बोलतात. आणि जाता जाता दुसऱ्या साहेबाला ते शब्द म्हणून दाखवायला लागला.

मीही हसलो. साहेब हसल्यावर हसायचं, ही ऑफिसची रीत. पण त्यातून मी जो निष्कर्ष काढला तो माझा स्वतःचा. मी ठरवलं की आजोबांनी सगळं चुकीचं टिपलंय. बिचारा अडाणी माणूस. आणि त्या रविवारी ऑफिसातून आणलेल्या लाल शाईने मी आजोबांची वही तपासायला बसलो.

हो, तपासायला. 'ग्रेडली' खोडून वर 'ग्रेटली' लिहिलं. 'मिदर'चं 'मदर' केलं. 'क्लेम'पुढे लिहिलं, "क्लेम म्हणजे दावा करणे. पोटाला हात लावण्याचा संबंध नाही." 'जॅनक'भोवती गोल काढून प्रश्नचिन्ह टाकलं. आणि शेवटच्या पानावर खाली, मास्तर लिहितात तसं, ठळक अक्षरात: एकूण गुण ४२ पैकी ३. खाली सही. माझी सही तेव्हा फार सुंदर येत असे.

त्या शेवटच्या पानाच्या आधी आणखी चारेक पानं होती, त्यांच्यावर नुसती तोंडं काढलेली. उघडे ओठ, मिटलेले ओठ, जीभ दातांत धरलेले. वर लिहिलं होतं: *साहेब आवाज न काढता बोलता. त्येच्या आवशीन शिकवल्यान. ती पण साच्यार होती.* म्हणजे साहेबाची आईही तिकडे साच्यावर होती. मी ही पानं न तपासता सोडली. त्यांना गुण कसे द्यायचे कळेना.

प्रस्तावनेसाठी एक-दोन वजनदार ग्रंथांचा हवाला हवा म्हणून पुढच्या शनिवारी मी फोर्टातल्या एका जुन्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या पारशी गृहस्थांनी माझी यादी बघितली आणि धुळीने भरलेले जाडजूड खंड आणून ठेवले. इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांच्या बोलींचा कोश. मी उगाच चाळायला लागलो.

क्लेम होता. भुकेने पोटात कालवणं. फेटल होता, यंत्र साफसूफ करून चालतं करणं. नॉबट होता, फक्त. मिदर, डोक्याला त्रास देणं. ग्रेडली, उत्तम, जसं हवं तसं. आमच्या गिरणगावात सूतकाताईच्या खात्याला त्रासन म्हणतात, तोही तिथे. मूळ शब्द थ्रॉसल, एका गाणाऱ्या पक्ष्याचं गावठी नाव, यंत्र त्याच्यासारखं बोलतं म्हणून यंत्राला दिलेलं. बेचाळीसपैकी एकोणचाळीस शब्द आजोबांनी अचूक टिपले होते. साहेब ते कधी म्हणतो हे त्यांनी इतकं नीट लिहिलं होतं की कोशातला अर्थ वाचला की समोर माणूस उभा राहत होता, पोटाला हात लावून, कपाळ दाबून.

आणि जॅनक. सरळ, सचोटीचा, ज्याच्याशी व्यवहार करावा असा माणूस.

मला पश्चात्ताप वगैरे झाला असेल असं वाचकांना वाटेल, पण आधी झालं ते वेगळंच. मला आजोबांचा हेवा वाटला. ज्या माणसाला मी तीन गुण दिले त्याने शब्दकोशाशिवाय, शाळेशिवाय, नुसतं बघून एका परक्या माणसाची बोली उचलली होती. त्या बोलीला साहेबाच्याच देशातले शिकलेले लोक हसत होते. आणि दादरला हेडक्लार्कांकडे चहाला गेलो की मी आबांचं मालवणी बोलणं कोणाला ऐकवत नसे, हेही तिथेच, त्या खंडांपुढे, आठवलं.

घरी येऊन मी दाढीच्या पात्याने लाल शाई खरवडायला बसलो. जुना कागद तो. 'ग्रेडली' बरा निघाला. 'मिदर' गुलाबी झाला. 'जॅनक'भोवतीचा गोल जाड होता, तिथे जरा जोर लावला आणि आरपार भोक पडलं. शब्द गेला. "माझ्या खांद्यार हात ठेवन" तेवढं उरलं. शेवटच्या पानावरचे गुण आणि सही यांना हात लावायची माझी छाती झाली नाही.

दिवाळी झाली. त्याच आठवड्यात कामगार मैदानावरच्या सभेत घोषणा देऊन दादाचा आवाज बसला. डॉक्टरांनी आठ दिवस तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलं. झालं, घरात दिवसभर मुकी बोली. आबा खूश. त्यांना इतका बोलका मुलगा कधी मिळाला नव्हता. मी भिंतीशी बसून दोघांच्या ओठांकडे बघत होतो. एका दुपारी चोरून आरशासमोर आजोबांच्या चित्रांतली तोंडंही करून बघितली. वहिनी पाणी भरून आली आणि दारातच थबकली.

"दात दुखतत काय, भावजी?"

मी हो म्हणालो. रात्रीच्या जेवणाला मला पेज मिळाली.

मग एक हरताळाचा दिवस आला. गिरण्या बंद, गाड्या बंद, मी घरी. आबांची ट्रंक भरायला काढलेली. त्यांनी हात पुढे केला. "वही."

मी दिली. ते पलंगावर बसून एकेक पान उलटायला लागले. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण लाल शाई कोणालाही वाचता येते. दादा त्यांच्या मागे उभा राहून बघत होता. भोकाच्या पानाशी आबा थांबले. त्यांनी पान उजेडाकडे धरलं, भोकातून खिडकी दिसली. मग शेवटचं पान. गुण. सही.

आबा मान वर करून दादाशी बोलायला लागले. ओठ हलत होते, एकदा हात हलला. दादाने काहीतरी उत्तर दिलं. आबांनी परत काहीतरी म्हटलं. माझ्याबद्दल बोलतात हा माझा आयुष्यभराचा संशय त्या दिवशी पहिल्यांदा खरा होता, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

"दादा, काय म्हणतायत?"

दादाने डॉक्टरांचं मोडलं. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वही तूच ठेव म्हणतायत. आता तुझंच अक्षर जास्त झालंय तिच्यात."

वही मिळाली. जिच्यासाठी मी एवढं केलं ती वही मला मिळाली, आणि ती कशी मिळाली ते चौघांनाही ठाऊक होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून ओरडलो, "आबा, तो फाटलेला शब्द जॅनक होता. मी अर्थ शोधलाय. सचोटीचा माणूस."

"माका ठावक आसा," आबा म्हणाले. "बापाशीन घराक येवन सांगल्यान. तेवढीच एक गोष्ट सांगल्यान तेणी कामावरची." आणि ते सदरे घडी करायला लागले.

चार दिवसांनी आबांना बोटीवर बसवायला आम्ही भाऊच्या धक्क्यावर गेलो. वही माझ्या काखेत. का नेली होती कोण जाणे. एकटी घरी ठेवायला जीव होत नव्हता. आबा वर कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली गर्दी, हमाल, इंजिनाची घरघर, नातेवाईक बेंबीच्या देठापासून ओरडतायत आणि वर कोणाला काही ऐकू येत नाही. सगळ्या धक्क्यावर दोनच माणसं निवांत बोलत होती. आबा वरून, दादा खालून. ओठ हलतायत, बोटं हलतायत, मध्येच दादा हसतोय. पंधरा मिनिटं. शेजारची एक बाई त्यांच्याकडे बघत राहिली, तिलाही हेवा वाटला असावा.

आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. सावकाश, मोठे करून. माझ्याशी बोलत होते. मी घाईघाईने वही उघडली, आजोबांची तोंडांची पानं काढली आणि बोटाने शोधायला लागलो. जीभ दातांत असलेलं कुठलं, गाल फुगलेलं कुठलं. एक सापडलं तोवर आबांचे ओठ मिटले होते आणि बोटीने तोंड फिरवलं होतं.

"दादा, मला काय म्हणाले?"

"लग्न कर म्हणाले."

"खरं सांग."

"खरंच रे. लग्न कर, आणि शर्टाची काळजी कमी कर."

माझा विश्वास बसला नाही. अजून बसलेला नाही. परतताना भायखळ्याच्या पुलावर मी दादाचा हात धरला आणि म्हणालो, "मला शिकव." हे म्हणायला मला पंचवीस वर्षं लागली होती.

दादाने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "शांततेत नाय येत रे ती. घरात बसून ओठ वाकडे केले तर माकड दिसशील. आजूबाजूला आवाज हवा. आपलं आपल्याला ऐकू आलं नाही की मगच तोंड सुटतं."

"मग? मी गिरणीत येऊ?"

"मोर्च्याला ये."

म्हणून मी गेलो. पुढे कोणी विचारलं की मी छाती काढून सांगत असे, लढ्यात होतो. होतो हे खरं. पांढरा शर्ट घालून परळच्या रस्त्यावरून चाललो, मुंबईसह महाराष्ट्रासाठी घोषणा दिल्या, घामाने निथळलो. पण हजारो माणसं ज्यासाठी आली होती त्यासाठी मी आलो नव्हतो. थोरल्या भावाची बोली मला हवी होती आणि ती शिकायला तेवढा मोठा आवाज दुसरीकडे कुठे मिळाला नसता.

दादा माझ्यापुढे सात-आठ माणसं सोडून चालत होता. घोषणा टिपेला पोचल्या, माझा आवाज मलाच ऐकू येईना, तेव्हा तो मागे वळला आणि ओठ हलवले. पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. "चप्पल सांभाळ." मी खाली बघितलं, खरंच अंगठा तुटत आला होता. मी ओठ मोठे करून म्हणालो, "बघितली." आवाज काढला नाही. त्याने मान हलवली.

मग त्याने बाजूला चाललेल्या आपल्या खात्यातल्या साचेवाल्याकडे तोंड वळवलं, ओठांनी दोन शब्द टाकले, आणि दोघं माझ्याकडे बघून हसले. ते दोन शब्द काही मला कळले नाहीत.